टाकीच्या काठावरचं कुंकू

भारताच्या औद्योगिक स्वावलंबनाची एक पहाट मुळशी खोऱ्यात उगवली आणि ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती उगवली तेव्हा तिला कोंबड्यांचा वास येत होता. ज्या दोन लांबट शेडमध्ये आमचा कारखाना सुरू झाला, तिथं आधी मालकांच्या सासऱ्यांचं कुक्कुटपालन होतं आणि ते रोगानं बसलं होतं. भिंतींना चार हात चुना आणि वर दोन हात तेलरंग दिला, तरी दमट हवेत तो वास भिंतीतून परत यायचा. मालक भाषणात सांगत, की देशातली सर्वांत शुद्ध हवा शोधत शोधत आपण इथवर आलो. सासऱ्यांचा उल्लेख भाषणात नसे.

साठच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आमची कंपनी सिलिकॉनच्या चकत्या करायची. परदेशातून करड्या, चकचकीत कांड्या यायच्या, वीतभर लांबीच्या. हिऱ्याची कणी बसवलेल्या चाकानं त्यांच्या चकत्या कापायच्या, लोखंडी तव्यावर घासून सपाट करायच्या, आम्लात बुडवून वरचा खरवडलेला थर काढायचा, शुद्ध पाण्यात धुवायच्या आणि डबीत घालून बंगलोरच्या एका कारखान्याकडे पाठवायच्या. तिथं त्यांचे डायोड, म्हणजे रेडिओत बसवायचे चिमुकले भाग, व्हायचे. चकती रुपयाच्या नाण्याएवढी आणि पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड. मालक तिला ‘उद्याच्या भारताचा पाया’ म्हणत. एवढा पातळ पाया असलेली इमारत मी तरी पाहिली नव्हती, पण मला विचारत कोण होतं.

मी तिथं नावाला स्टोअरकीपर होतो. प्रत्यक्षात इंग्रजी पत्रं वाचणं, उत्तरं लिहिणं, सूचना फळ्यावर लावणं आणि मालकांच्या भाषणात सुभाषितं पेरणं ही कामं माझ्याकडे होती. इंग्रजी वाचता येणारा आणि पौडला खोली घेऊन राहायला तयार असलेला दुसरा माणूस त्यांना मिळाला नाही, ही माझी खरी पात्रता.

बाहेरच्या शेडमध्ये कापायची आणि घासायची यंत्रं होती. आतल्या शेडमध्ये एक खोली काचा बसवून बंद केलेली. तिला ‘स्वच्छ खोली’ म्हणायचं. तिथं आम्लाची टाकी आणि धुण्याची टेबलं होती. काम करायला आसपासच्या वाड्यांवरच्या अकरा बायका. भाताची रोपं उपटून एकेक काडी लावणारे ते हात चकतीला ओरखडा पडू देत नसत. खोलीत जाताना बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यांवर फडकं बांधायचं, केसांतलं फूल काढायचं, डोकं झाकायचं आणि रबरी हातमोजे चढवायचे. बायकांना ते सगळं हास्यास्पद वाटे. “लगनात नवरीला बी एवडं बांदत न्हाईत,” असं त्यांतली एक म्हणाली होती. तिला सगळ्या वैनी म्हणत, मी वहिनी म्हणे. ताम्हिणीच्या बाजूच्या एका वाडीवरची. वय तिशीच्या आत. नवरा घाटात रस्त्याच्या कामावर होता, सुरुंग लावणाऱ्या टोळीत. गोष्ट तिची आहे.

टाकीतलं आम्ल हायड्रोफ्लोरिक. पाण्यासारखं दिसतं, पण काच खातं, म्हणून टाकी जाड प्लॅस्टिकची. बायका त्याला ‘काचखाऊ’ म्हणत. यंत्रांबरोबर जी इंग्रजी पुस्तिका आली होती, तिच्यातली आम्लाची पानं मी मराठीत उतरवली आणि मालकांना दाखवायला नेली. त्यांनी लाल पेन्सिलीनं एक परिच्छेद खोडला. त्यात असं होतं: हे आम्ल अंगावर पडलं तर बऱ्याचदा लगेच दुखत नाही, ते कातडीतून खाली उतरतं, हाडापर्यंत जातं, दुखणं काही तासांनी सुरू होतं, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो, म्हणून दुखायची वाट पाहू नये.

“अहो, हे ऐकून बायका उद्याच खुरपी घेऊन शेतात परत जातील,” मालक म्हणाले. “तुम्ही लिहा, ‘योग्य ती काळजी घ्यावी.’ त्यात सगळं येतं.”

मी तसं लिहिलं. त्यात सगळं येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. अकरा जणींपैकी दोघींना अक्षरओळख होती, त्यामुळे कागद वाचून दाखवायचं कामही माझंच होतं. मी खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

खंडेनवमी आली. हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मालकांनी त्या दिवशी समारंभ ठरवला. पुण्याहून एक मोठे पाहुणे येणार होते. मांडव, खुर्च्या, झेंडूच्या माळा, कर्णा. पाहुण्यांना भेट म्हणून काचेच्या पेल्यावर आम्लानं त्यांचं नाव कोरून द्यायचं, तेही त्यांच्या देखत, अशी कल्पना मालकांना सुचली. आमचा केमिस्ट हा मालकांचा भाचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्यानं नावाची अक्षरं तेवढी उघडी ठेवून पेल्याला मेण लावलं आणि सकाळी टाकीत आम्ल भरलं.

एरवी सुट्टीच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करून, तीन पाण्यांनी धुऊन, झाकण घालून ठेवायचा नियम होता. त्या दिवशीही झाकण होतं. टाकी भरली आहे हे केमिस्टला माहीत होतं, मालकांना माहीत होतं आणि पेला आणायचं काम माझ्याकडे असल्यानं मलाही माहीत होतं. बायकांना सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पूजेबाबत मी मालकांच्या सहीनं सूचना लावली होती: हळदकुंकू, उदबत्ती, नारळ हे सर्व बाहेरच्या शेडमध्ये करावं, स्वच्छ खोलीत काहीही नेऊ नये. बायकांनी ते ऐकून घेतलं. बाहेर चाकाची पूजा झाली, तव्यांची झाली, जनरेटरची झाली, माझ्या टाइपरायटरलाही झेंडूचं फूल मिळालं. मांडवात मालक बोलायला उभे राहिले. मी पेला आणायला आतल्या शेडकडे गेलो.

खोलीचं दार उघडं होतं. टाकीजवळ वहिनी आणि धुण्याच्या टेबलावरची एक म्हातारी अशा दोघी उभ्या होत्या. वहिनीच्या हातात ताम्हन होतं. टाकीच्या ओलसर काठावर हळदीची पाच बोटं आणि कुंकवाची पाच बोटं उठलेली होती. पण कुंकवातली तीन पिवळी होती. चौथं माझ्यासमोर कडेनं पिवळं होत गेलं.

“कुकू पिवळं पडलं,” म्हातारी म्हणाली. ती मागं सरकत होती.

“कुणी लावलं?”

“म्या,” वहिनी म्हणाली. “तांबडंच लावलं हुतं, भाऊसाहेब. आत्ता, ह्या घडीला लावलं. समद्यांची पूजा झाली आन् ह्याची एकट्याची न्हाई, म्हून आलो. ह्योच तर समद्यांत वंगाळ. ह्याला इसरून कसं चालल?”

“हातमोजे कुठं आहेत?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोललो होतो. “हातमोजं घालून कोन पूजा करतंय?”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत दिलेलं नव्हतं.

ते कुंकू म्हातारीनं घरी केलेलं होतं, हळदीत चुन्याची निवळी घालून. असं कुंकू आम्लाला लागलं की पुन्हा हळदीसारखं पिवळं होतं, हे मला शाळेतल्या रसायनशास्त्रामुळे ठाऊक होतं. म्हणजे सकाळी टाकी भरताना काठावर जे सांडलं ते पाणी नव्हतं. आणि तिनं पाच वेळा हळदीत, पाच वेळा कुंकवात बुडवून, उजव्या हाताची ओली अनामिका त्या काठावर टेकवली होती. नेम धरून, आणि नीट दाबून.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“काय?”

“बोट.”

“बोटाला काय झालंय?” ती म्हणाली. बोटाकडे तिनं पाहिलंच नाही. ती त्या पिवळ्या ठिपक्यांकडे पाहत होती. “आज धनी घाटात हायेत. कालच म्हनले, उंद्या मोटा सुरुंग हाय.”

चकत्यांसाठी राखलेलं शुद्ध पाणी तिथं कॅनमध्ये होतं. तिचा हात धरून मी ते सगळं तिच्या बोटावर ओतलं, एक कॅन संपल्यावर दुसरा. उद्याच्या भारताच्या पायाला त्या आठवड्यात पाणी कमी पडलं. म्हातारी दारात उभी राहून देवीचं नाव घेत होती. बोट स्वच्छ होतं. ना लाल, ना सुजलेलं. तेच मला बघवत नव्हतं.

मी वाकून मांडवात शिरलो आणि केमिस्टच्या कानाशी लागलो. त्याचा चेहरा उतरला.

“किती तीव्र केलं होतंस?”

“काचेवर पटकन उठावं म्हणून जरा जास्तच.” मग म्हणाला, “दुखतंय का तिला?”

“नाही.”

“मग वाईट,” तो म्हणाला. “कॅल्शियमचं इंजेक्शन द्यावं लागतं. जखमेच्या भोवती. पौडला डॉक्टर आहेत ना?” त्यानं व्यासपीठाकडे पाहिलं. “मी येऊ का? पण पेला...”

तो भ्याला होता. मी त्याला दोष देत नाही. भ्यालो मीही होतो. फक्त मी मालकांचा भाचा नव्हतो. पुस्तिकेतली इंग्रजी पानं फाडून मी खिशात घातली आणि वहिनीला घेऊन जीपपाशी आलो.

ड्रायव्हर बॉनेटला टेकून भाषण ऐकत होता. “सायबांचं भाषान संपस्तवर गाडी न्हाई हालवायची, असं सांगितलंय,” तो म्हणाला.

“किती वेळ लागेल?”

“आत्ता कुटं सत्तावन्नच्या बंडात हायेत.”

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं विडी टाकली आणि गाडी काढली. कर्ण्यातून मालकांचा आवाज वळणापर्यंत आमच्यामागं येत होता.

रस्त्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, “हिकडं न्हाई. घाटात न्या.”

“आधी डॉक्टरकडे. बोटाचं...”

“बोट कुटं पळतंय? हितंच हाय की.” तिनं ते माझ्यासमोर धरलं. “मानसाचं काय झालं त्ये बगू द्या. तुमाला कुकवाचं काय कळतंय, भाऊसाहेब? तुमची बायकू पुन्यात हाय.”

“कुंकू आम्लानं पिवळं झालंय. त्यात तुमच्या नवऱ्याचा काही संबंध नाही.”

“मंग हळदीची बोटं जशीच्या तशी कशी?”

ते शास्त्र जीपमध्ये समजावून सांगायचं नव्हतं. मी तिला तो खोडलेला परिच्छेद सांगितला. लगेच दुखत नाही, कातडीतून उतरतं, हाडापर्यंत जातं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मला तो शब्दन् शब्द पाठ आहे.

तिनं आता बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “हे तुमच्या कागदात न्हवतं.”

“इंग्रजीत होतं.”

“मंग आमाला का न्हाई वाचलं?”

“मालक नको म्हणाले.”

“आन् तुमी?”

जीपचा आवाज मोठा होता, त्यामुळे उत्तर ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असेल. मी उत्तर दिलंच नव्हतं.

शेवटी तोड ड्रायव्हरनं काढली. “वैनी, तुमास्नी मी पौडात सोडतो आन् तसाच घाटात जातो. जित्ता असला तर घिऊन येतो.”

“आन् नसला तर?”

“तरीबी घिऊन येतो,” ड्रायव्हर म्हणाला. हे तिला पटलं. मला वाटतं, त्या दिवशी तिला खरं बोलणारा तो एकटाच माणूस भेटला.

पौडचे डॉक्टर जेवून पेंगत होते. त्यांनी बोट उजेडात धरलं, भिंगातून पाहिलं, दाबलं.

“कशानं भाजलंय?”

“भाजलं नाही अजून.”

“मग आलात कशाला?”

मी फाडलेली पानं पुढं केली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली. गर्भार बायकांसाठी ठेवलेल्या कॅल्शियमच्या नळ्या त्यांच्या कपाटात होत्या. पण धडधाकट दिसणाऱ्या बोटाला, केवळ एका स्टोअरकीपरच्या सांगण्यावरून, टोकाशी सुया टोचायला ते तयार होईनात. “बोटाच्या टोकाला मुळात जागा नसते हो. आत औषध भरून तेच फुगून मेलं तर?” ते म्हणाले. “बसा. काही दिसलं तर बघू.” त्यांनी एक नळी फोडून वाटीत ओतली आणि बोट त्यात बुडवून ठेवायला सांगितलं. दुखायची वाट पाहू नये, असं त्या पानावर छापलेलं होतं. ते पान त्यांनी घडी करून टेबलावर, वजनाखाली ठेवलं.

दवाखान्याच्या ओट्यावर बाकडं होतं. आम्ही तिथं बसलो. ती रस्त्याकडे पाहत होती, मी तिच्या बोटाकडे. तिची भीती मला पटत नव्हती आणि माझी तिला. घाटाकडून काही आलं की ती उठायची. एक बैलगाडी, एक एसटी, लाकडं भरलेला एक ट्रक. वाटी कलंडू नये म्हणून मी ती धरून होतो. ट्रकच्या ड्रायव्हरला तिनं ओरडून विचारलं, “घाटात काय झालंय का?” त्यानं हात हलवला. त्याचा अर्थ हो की नाही, ते कळायच्या आत ट्रक वळला.

मला त्या वेळी काय हवं होतं, ते सांगायला लाज वाटते. आपण मूर्ख ठरावं, बोटाला काही होऊ नये, आणि डॉक्टरांनी आपल्याला हाकलून द्यावं, हे मी मनापासून मागत होतो. त्याचबरोबर, तो परिच्छेद मी वाचून दाखवला नाही, ही गोष्ट ओट्याच्या पलीकडे जाऊ नये, हेही मागत होतो. पुस्तिकेत पुढं आणखी एक ओळ होती: आम्ल फार लागलं तर हृदय थांबू शकतं. फार म्हणजे किती, ते दिलं नव्हतं. दहा ठिपके म्हणजे फार का? मी दर थोड्या वेळानं तिला काहीतरी विचारायचो. वाडीवर किती घरं, भात कसं आहे, असं. ती उत्तर देते आहे ना, एवढंच मला बघायचं होतं.

उन्हं ओट्यावरून खाली उतरली तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही.

“वहिनी?”

“ठनकतंय,” ती म्हणाली. “आतनं.”

बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखं. नखाच्या कडेनं करडी रेघ दिसत होती. पाहता पाहता तिच्या कपाळावर घाम आला. तिनं पदर तोंडात धरला. मी डॉक्टरांना हाक मारली ती रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू गेली असावी. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. सुई काढली आणि नखाच्या दोन्ही बाजूंनी, मग पेराच्या खाली, थोडं थोडं औषध भरलं. ती ओरडली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं. सुईनं दुखलं की आम्लानं, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या की चौथ्या सुईला जीप आली. नवरा उतरला. कपाळभर गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. घाटातल्या ठेकेदारानंही पहारी आणि ड्रिलची पूजा मांडली होती. त्या दिवशी सुरुंग लागलाच नव्हता.

“काय गं, काय झालं?” तो दारातून म्हणाला. “जेवान अर्दं टाकून आलुया. ह्यो गडी सांगंना की काय झालं. नुसता माज्या तोंडाकडं बगून हसतुया.”

तेव्हा ती रडली. मोठ्यानं, भोकाड पसरून. डॉक्टरांना वाटलं सुई चुकली. ते घाबरून थांबले.

तीन दिवस त्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. दिवसातून दोनदा बोट सोडून बघायचे आणि पुन्हा बांधायचे. हाडापर्यंत गेलं असलं तर पेर काढावं लागेल, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मी रोज कारखाना सुटल्यावर जाऊन दारातूनच डॉक्टरांचा चेहरा बघायचो. चौथ्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला, त्यावरून मी समजलो की बोट राहिलं. नख गेलं. नवीन आलं ते वेडंवाकडं, आणि टोक कायमचं थोडं बारीक झालं.

दिवाळीनंतर ती कामावर आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “त्यो कागुद आता समदा वाचा.” मी डॉक्टरांकडून पानं परत आणून मूळ इंग्रजीवरून पुन्हा भाषांतर केलं आणि सगळ्या बायकांना गोळा करून खोडलेल्या भागासकट वाचून दाखवलं. दोघी त्याच दिवशी काम सोडून गेल्या. वहिनी राहिली, पण बाहेरच्या शेडमध्ये, घासण्याच्या तव्यावर. स्वच्छ खोलीत ती परत गेली नाही. मालक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. सुभाषितांशिवाय त्यांचं पुढचं भाषण बरंच आटोपशीर झालं.

मग खंडेनवमीच्या त्या प्रकाराची विचारणा करणारं कारखाना निरीक्षकाचं पत्र आलं. मालकांनी उत्तरात कळवलं, की तो दिवस सुट्टीचा होता, यंत्रं बंद होती, बाई कामावर नव्हती, आणि म्हणून राष्ट्रउभारणीच्या या कार्यात आजवर एकही अपघात घडलेला नाही. निरीक्षकानं डॉक्टरांच्या नोंदवहीतल्या नोंदीची नक्कल मागवली. ती आणायला मीच गेलो. डॉक्टरांनी वही पुढं सरकवली. नोंदीत तिचं वय होतं, गाव होतं, ‘उजव्या हाताच्या अनामिकेस भाजल्याची जखम’ असं होतं आणि शेवटच्या रकान्यात, जिथं कारण लिहायचं, तिथं त्यांनी लिहिलं होतं: पूजा.